पोर्तुगीज : राज्य गेले, कायदा उरला
इतिहास, संस्कृती आणि राज्यकारभार यांचा परिचय

सोलापूर - पोर्तुगिजांचे नाव काढले, की आपल्याकडे गोव्याची चर्चेस, वसईचा किल्ला आणि फार तर वास्को द गामा एवढेच आठवते. मुंबई आणि कोकणाला लागून असलेला हा इतिहास सोलापूरसारख्या पठारावरील शहराला दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, ज्या आदिलशाहीच्या हाती सोलापूरचा किल्ला वारंवार जात-येत राहिला, त्याच आदिलशाहीकडून पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. पुढे ४५१ वर्षे ते तिथे राहिले. इंग्रजांच्याही आधी आलेले आणि इंग्रजांच्या नंतर गेलेले हे एकमेव युरोपीय राज्यकर्ते होत. त्यांच्या राजवटीने देवळे पाडली, तसेच छापखानाही आणला. सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि मुलीला मुलाइतका वाटा देणारा कायदाही मागे ठेवला. हा सारा वारसा एकत्र पाहिला, तरच पोर्तुगीज कोण होते हे समजू शकते.

छोटा देश, मोठा समुद्र

युरोपच्या नैर्ऋत्य टोकावरील पोर्तुगालचे क्षेत्रफळ सुमारे ९२ हजार चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही ते कमी असून, सोलापूर जिल्ह्याच्या साधारण सहापट भरते. २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १ कोटी ३ लाख आहे. लिस्बन ही राजधानी आणि पोर्तो हे दुसरे मोठे शहर. या पोर्तोच्या जुन्या नावावरूनच देशाला पोर्तुगाल हे नाव पडले.

या भूमीवर रोमनांनी राज्य केले, त्यानंतर जर्मानिक टोळ्यांनी आणि आठव्या शतकापासून उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम सत्तांनी. अरबी संपर्काच्या खुणा पोर्तुगीज भाषेत, शेतीच्या पद्धतींत आणि भिंतींवरील रंगीत फरशांच्या कलेत आजही दिसतात. बाराव्या शतकात अफोन्सो हेन्रिक याने स्वतःला राजा म्हणवून घेतले. ११४३ च्या झामोराच्या तहाने शेजारच्या लिओनच्या राजाने आणि ११७९ मध्ये पोपने या राज्याला मान्यता दिली. दक्षिणेकडील आल्गार्व्ह प्रांत १२४९ मध्ये जिंकल्यावर देशाला साधारण आजचा आकार आला. १२९७ च्या तहाने स्पेनच्या बाजूची जी सीमा ठरली, ती थोडेफार अपवाद वगळता अद्याप कायम आहे. युरोपातील सर्वांत जुन्या सीमांमध्ये तिची गणना होते.

पूर्वेला बलाढ्य शेजारी आणि पश्चिमेला महासागर, अशा स्थितीत या लहान राज्याने समुद्राची वाट धरली. १४१५ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सेउटा त्यांनी घेतले. राजपुत्र हेन्री याच्या प्रोत्साहनाने जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत गेली. बार्तोलोमेउ दियाश याने १४८८ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घातला. वास्को द गामा मे १४९८ मध्ये केरळातील कालिकतजवळ पोहोचला, तर काब्राल १५०० मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. या साहसाला एक काळी बाजूही आहे. आफ्रिकेतील माणसे पकडून अटलांटिकपार विकण्याचा व्यापार युरोपीयांमध्ये प्रथम पोर्तुगिजांनीच उभारला, आणि गुलामांची खरेदी-विक्री गोव्याच्या बाजारातही होत असे.

आदिलशहाच्या हातून गोवा

१५०५ मध्ये फ्रान्सिस्को द अल्मैदा हा पहिला व्हाइसरॉय म्हणून आला. त्याच्यानंतर आलेल्या अफोन्सो द अल्बुकर्क याने साम्राज्याचे केंद्र म्हणून गोव्याची निवड केली. बहामनी राज्य फुटल्यावर गोवा विजापूरच्या आदिलशहाकडे आले होते. घोड्यांच्या व्यापाराचे ते महत्त्वाचे बंदर होते. विजयनगरच्या सेवेतील तिमय्या याच्या सल्ल्याने आणि मदतीने अल्बुकर्कने १५१० च्या सुरुवातीला गोवा घेतला. काही महिन्यांतच आदिलशाही फौजेने तो परत मिळवला. परंतु २५ नोव्हेंबर १५१० रोजी अल्बुकर्क पुन्हा आला आणि या वेळी गोवा कायमचा गेला. शहरातील मुस्लिम रहिवाशांची त्या वेळी मोठी कत्तल झाली.

यानंतर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई, १५३५ मध्ये दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी, १५४३ मध्ये आदिलशहाकडून बारदेश आणि साष्टी, १५५९ मध्ये दमण असा विस्तार होत गेला. दमण ते चौल या पट्ट्याला पोर्तुगीज ‘उत्तरेकडील प्रांत’ म्हणत. मुंबईची बेटे याच प्रांतात होती.

या घडामोडींत सोलापूरचेही नाव येते. सोलापूरच्या किल्ल्यावरून अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यात अनेक वर्षे वैर होते. विजयनगरविरुद्ध एकत्र येण्यासाठी दोन्ही घराण्यांनी सोयरीक केली. चांदबिबीचा विवाह अली आदिलशहाशी झाला आणि सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून विजापूरला मिळाला. या एकीतूनच १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाला. पोर्तुगिजांच्या घोड्यांचा मोठा गिऱ्हाईक अशा रीतीने नाहीसा झाला. पाठोपाठ १५७० मध्ये आदिलशहाने गोव्याला आणि निजामशहाने चौलला एकाच वेळी वेढा घातला. दक्षिणेतील सत्तांनी पोर्तुगिजांविरुद्ध केलेला हा सर्वांत मोठा संयुक्त प्रयत्न होता. समुद्रमार्गे रसद येत राहिल्याने दोन्ही वेढे निष्फळ ठरले. सुमारे एका शतकाने, १६६१ मध्ये, पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण देण्यात आली. लग्नात किल्ले आणि बेटे देण्याच्या बाबतीत दख्खनचे सुलतान आणि युरोपचे राजे यांत फारसा फरक नव्हता, असेच म्हणावे लागेल.

देवळे, इन्क्विझिशन आणि छापखाना

पोर्तुगीज सत्तेचा एक हात व्यापाराचा, तर दुसरा धर्माचा होता. पूर्वेकडे चर्चचा कारभार पाहण्याचा अधिकार पोपने पोर्तुगालच्या राजाला दिला होता. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले. त्याच्या थोडे आधी, १५४० च्या सुमारास, तिसवाडीतील देवळे पाडण्यास सुरुवात झाली होती. १५६० च्या दशकात साष्टी आणि बारदेशात तेच घडले. मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा आदी दैवते भाविकांनी रातोरात खाडीपलीकडे फोंडा भागात नेली. तो भाग त्या वेळी आदिलशाहीत होता. हिंदूंच्या देवांना एका मुस्लिम राज्यात आसरा मिळाला, ही बाब आवर्जून नोंदवण्याजोगी आहे. आज फोंडा तालुक्यात जी मोठी देवस्थाने दिसतात, त्यांपैकी अनेकांचा इतिहास या स्थलांतरापासून सुरू होतो.

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय स्थापन झाले. मधली काही वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी जुने आचार गुपचूप पाळल्याचा संशय हा त्याचा मुख्य विषय असे. तुरुंगवास, मालमत्ता जप्ती आणि प्रसंगी जिवंत जाळण्यापर्यंतच्या शिक्षा होत. या न्यायालयाच्या तडाख्यातून मेलेलेही सुटले नाहीत. गार्सिया द ओर्ता या ज्यू वंशाच्या वैद्याने अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार केले होते. भारतीय वनस्पती व औषधींवरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, त्याची हाडे उकरून जाळण्यात आली.

हा ग्रंथ गोव्यात छापला जाऊ शकला, कारण १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना तेथे आला होता. मराठी वाचकाच्या दृष्टीने त्याचे सर्वांत मोठे फळ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’. १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलेल्या या काव्यात सुमारे ११ हजार ओव्या आहेत. संतकाव्याची भाषा आत्मसात करून परधर्मीय, परदेशी माणसाने मराठीचा गौरव करावा, हा आपल्या वाङ्मयातील विलक्षण योग होय. मात्र त्याच राजवटीने १६८४ मध्ये हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. हुकूम निघाला, लोक मात्र घरात आपलीच भाषा बोलत राहिले.

मराठे आणि पोर्तुगीज

शिवाजी महाराजांनी पोर्तुगिजांशी कधी तह, कधी चढाई असे धोरण ठेवले. १६६७ मध्ये त्यांच्या फौजेने बारदेशावर स्वारी केली आणि पुढील वर्षी नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये गोव्याच्या अगदी दारात, जुवे बेटापर्यंत धडक मारली. व्हाइसरॉयने धीर सोडून आपला राजदंड झेवियर यांच्या शवपेटीपाशी ठेवला, असे सांगितले जाते. मोगल फौज कोकणात उतरल्याने मराठ्यांना माघारी फिरावे लागले आणि गोवा वाचला.

वसई मात्र वाचली नाही. चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी अनेक महिन्यांच्या वेढ्यानंतर मे १७३९ मध्ये किल्ला घेतला. शरण आलेल्यांना सन्मानाने जाऊ देण्यात आले. १७४० मध्ये चौल आणि कोर्लईही मराठ्यांकडे आले आणि ‘उत्तरेकडील प्रांत’ संपुष्टात आला. त्या भागातील चर्चमधील घंटा मराठ्यांनी देवळांना अर्पण केल्या. भीमाशंकर आणि नाशिकचे नारोशंकर मंदिर येथे त्या आजही पाहावयास मिळतात.

या पराभवानंतर पोर्तुगिजांनी गोव्याच्या आसपासचे महाल मिळवण्याकडे लक्ष वळवले. १७६३ ते १७८८ या काळात फोंडा, सांगे, केपे, काणकोण, डिचोली, सत्तरी आणि पेडणे त्यांच्याकडे आले. यांना ‘नव्या काबिजादी’, तर तिसवाडी, बारदेश आणि साष्टी यांना ‘जुन्या काबिजादी’ म्हणतात. नव्या भागात धर्मांतराची सक्ती झाली नाही. तेथील रीतिरिवाज पाळण्याचे वचन सरकारने दिले. गोव्याचा नकाशा आजही या दोन भागांत विभागलेला जाणवतो. मंगेशकर घराण्याचे मंगेशी, केसरबाई केरकर यांचे केरी ही गावे फोंड्यातील, म्हणजे नव्या काबिजादीतील आहेत. मराठी रंगभूमी आणि संगीताला गोव्याने दिलेली माणसे प्रामुख्याने या मातीतून का आली, याचे एक उत्तर या विभागणीत सापडते.

कारभार कसा चाले?

मोझांबिकपासून मकावपर्यंतच्या साऱ्या ठाण्यांचा कारभार गोव्यातून चाले आणि त्या सर्वांना मिळून ‘भारत राज्य’ असे नाव होते. प्रमुख व्हाइसरॉय किंवा गव्हर्नर साधारणपणे तीन वर्षांसाठी नेमला जाई. त्याच्याखाली किल्लेदार, महसूल खाते, १५४४ पासूनचे वरिष्ठ न्यायालय आणि लिस्बनच्या धर्तीवरील नगरसभा असे. समुद्रावर फिरणाऱ्या प्रत्येक भारतीय जहाजाला पोर्तुगिजांकडून ‘कार्ताझ’ हा परवाना घ्यावा लागे. परवाना नसल्यास जहाज जप्त होई. पोर्तुगिजांचे उत्पन्न जमिनीच्या महसुलापेक्षा समुद्रावरील या वसुलीवर अधिक अवलंबून होते. डच आणि इंग्रज यांनी सतराव्या शतकात समुद्रावरील ही मक्तेदारी मोडली, तेव्हा साम्राज्याचा पायाच खचला.

खेड्यांच्या बाबतीत मात्र त्यांनी जुनी घडी मोडली नाही. गोव्यात पूर्वापार ‘गावकरी’ पद्धत होती. गावाची जमीन गावकऱ्यांच्या सामाईक मालकीची, तिचा दरसाल लिलाव, उत्पन्नातून बांधबंदिस्ती, देऊळ आणि सरकारी सारा, उरलेल्याची वाटणी असा तो व्यवहार होता. १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने हे रिवाज लेखी सनदेत नोंदवले. देवळाच्या जागी चर्च आले, गावकरीला ‘कोमुनिदाद’ म्हणू लागले, पण संस्था टिकली. आजही गोव्यात कोमुनिदादच्या जमिनींचे वाद वृत्तपत्रांत गाजतात, त्याचे मूळ येथे आहे.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. पोर्तुगालमध्ये १८२० च्या क्रांतीनंतर घटनात्मक राजेशाही आली आणि गोव्याला लिस्बनच्या संसदेत प्रतिनिधी पाठविण्याचा अधिकार मिळाला. बेर्नार्दो पेरीस दा सिल्व्हा हे गोमंतकीय त्यात निवडून आले. १८३५ मध्ये त्यांची गोव्याच्या कारभाराचे प्रमुख म्हणून नेमणूकही झाली. परंतु लष्करातील गोऱ्यांनी बंड करून काही दिवसांतच त्यांना हाकलले. हक्क कागदावर आणि सत्ता बंदुकीच्या टोकावर, हा अनुभव गोमंतकीयांना पुढेही येत राहिला. दुसरीकडे सत्तरीच्या राण्यांची बंडे शतकभर धगधगत होती. १८५२ चे दीपाजी राणे यांचे आणि १८९५ चे दादा राणे यांचे बंड त्यांत विशेष गाजले.

५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. चर्च आणि सरकार वेगळे झाले. हिंदूंना शिक्षण आणि नोकऱ्यांत समान संधी मिळू लागली. हा काळ गोव्यातील शाळा, वाचनालये आणि वृत्तपत्रे यांच्या भरभराटीचा ठरला, पण तो फार टिकला नाही.

सालाझार ते मुक्ती

१९२६ मध्ये पोर्तुगालमध्ये लष्करी उठाव झाला. अर्थशास्त्राचे प्राध्यापक सालाझार १९२८ मध्ये अर्थमंत्री आणि १९३२ मध्ये पंतप्रधान झाले. त्यानंतरची ३६ वर्षे देश त्यांच्या मुठीत होता. पक्षबंदी, वृत्तपत्रांवर नियंत्रण आणि गुप्त पोलिस ही त्यांच्या राजवटीची हत्यारे होती. १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांना दुय्यम ठरविले. गोव्याच्या विधिमंडळात लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याच वर्षी त्याविरुद्ध ठराव मांडला. टी. बी. कुन्हा यांनी १९२८ मध्येच गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली होती. लग्नपत्रिका छापण्यासाठीही सरकारी मंजुरी लागावी, अशी त्या काळची स्थिती होती.

१८ जून १९४६ रोजी मडगाव येथे डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी मोडली आणि लढ्याला तोंड फुटले. भारत स्वतंत्र झाल्यावर फ्रान्सने पाँडिचेरी सोडली, पण सालाझार हटले नाहीत. १९५१ मध्ये त्यांनी वसाहतींचे नाव बदलून ‘सागरापलीकडील प्रांत’ केले आणि गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचा दावा सुरू केला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली. गायक-संगीतकार सुधीर फडके या मोहिमेत सहभागी होते. पोर्तुगालने हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. १९६० च्या निकालात सैन्य नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, असे स्पष्ट झाले.

महाराष्ट्रात या लढ्याची धग सर्वाधिक होती. पुण्यात सर्वपक्षीय गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली तुकडी गोव्यात शिरली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो नि:शस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गेले असता पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला. पत्रादेवी आणि इतर ठिकाणी मिळून वीसहून अधिक सत्याग्रही हुतात्मा झाले. १९३० च्या मार्शल लॉमध्ये चार हुतात्मे दिलेल्या सोलापूरकरांना या बातम्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

अखेर १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा सालाझार यांचा आदेश त्यांनी पाळला नाही. परिणामी मोठा रक्तपात टळला. त्यांना मात्र मायदेशी बडतर्फी सोसावी लागली. मोहन रानडे यांच्यासारखे गोवा मुक्तिसैनिक त्यानंतरही लिस्बनजवळच्या तुरुंगात होते. त्यांची सुटका १९६९ मध्ये झाली. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले, ते तेथील हुकूमशाही कोसळल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये.

मागे उरलेला कायदा

राज्य गेले, तरी एक गोष्ट राहिली. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. १९६२ मध्ये भारतीय संसदेने गोव्याच्या प्रशासनाचा कायदा करताना तेथील जुने कायदे बदल होईपर्यंत चालू ठेवले. परिणामी विवाह, घटस्फोट आणि वारसा या बाबतींत गोव्यातील हिंदू, ख्रिस्ती आणि मुस्लिम यांना मुख्यतः एकच कायदा लागू आहे. समान नागरी कायद्याची चर्चा निघाली, की गोव्याचे नाव घेतले जाते, ते याचमुळे.

या कायद्याची मुख्य सूत्रे अशी :

- प्रत्येक विवाहाची सरकारी नोंद आवश्यक आहे.
- लग्नापूर्वी वेगळा करार केला नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते व दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो.
- अपत्ये असल्यास मृत्युपत्राने केवळ निम्म्या इस्टेटीची वाटेल तशी विल्हेवाट लावता येते. उरलेला निम्मा भाग वारसांसाठी राखीव असतो.
- मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो.

आपल्याकडे वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क देण्यासाठी राज्यात १९९४ मध्ये आणि देशपातळीवर २००५ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. त्यानंतरही तलाठ्यापुढे बहिणींकडून हक्कसोडपत्र घेण्याची रीत गावोगावी दिसते. आई-वडिलांनी मृत्युपत्र करून मुलीला पूर्णपणे वगळणे गोव्यात कायद्यानेच शक्य नाही. हा फरक लहान नाही.

हा कायदा सर्वार्थाने समान आणि निर्दोष आहे, असे मात्र नाही. १८८० च्या हुकुमाने हिंदूंच्या काही रूढींना त्यात स्थान दिले. पत्नीला ठराविक वयापर्यंत अपत्य किंवा मुलगा न झाल्यास पतीला दुसऱ्या विवाहाची मुभा, ही त्यांपैकी एक. चर्चमध्ये होणाऱ्या कॅथलिक विवाहांसाठीही काही वेगळे नियम राहिले. सामाईक मालमत्तेचे व्यवस्थापन मूळ कायद्याने पतीकडेच दिले होते. वारसाविषयीच्या बऱ्याचशा तरतुदी गोवा विधानसभेच्या २०१२ च्या कायद्याने नव्याने मांडल्या. तो २०१६ पासून अमलात आला. गोव्याचा अधिवास असलेल्या व्यक्तीची मालमत्ता भारतात अन्यत्र असली, तरी तिच्या वारसाला गोव्याचाच कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिला. गोव्याशी सोयरिकी असलेल्या महाराष्ट्रातील कुटुंबांनी तो लक्षात ठेवणे हिताचे आहे.

दुसरा वारसा नागरिकत्वाचा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालने आपल्या नागरिकत्वाची वाट मोकळी ठेवली. हजारो गोमंतकीयांनी तिचा लाभ घेतला. ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत या पासपोर्टवर अनेक जण तिकडे कामधंद्यासाठी स्थायिक झाले. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यास १९५५ च्या कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपते आणि त्याबरोबर मतदानाचा हक्कही जातो. गावातील शेती, म्हातारे आई-वडील आणि परदेशातील पगार यांची सांगड घालताना गोव्यातील अनेक घरांना हा निर्णय करावा लागतो.

ताटात आणि तोंडी

पोर्तुगिजांनी मराठीला दिलेले शब्द मोजायला बसले, तर यादी लांबते. बटाटा, कोबी, काजू, अननस, पपई, पाव, तंबाखू, चावी, घमेले, पगार, लिलाव, काडतूस, पाद्री, नाताळ हे सारे शब्द पोर्तुगीजमधून आले. हापूस हे नाव ‘अफोन्सो’वरून पडले. उत्तम आंब्यांच्या कलमांची पद्धत रुजविण्यात जेझुइटांचा मोठा वाटा होता.

अमेरिका खंडातील पिके पोर्तुगीज व इतर युरोपीय जहाजांतून भारतात आली आणि आपले जेवण बदलून गेले. मिरची येण्यापूर्वी आपल्याकडे तिखटपणासाठी मिरी वापरत. ‘मिरची’ हे नावही त्यावरूनच पडले. सोलापूरची शेंगा चटणी ही आपली ओळख. तिच्यातील भुईमूग आणि मिरची दोन्ही मूळचे अमेरिका खंडातील. आषाढी एकादशीला पंढरपुरात लाखो वारकरी जी साबुदाण्याची खिचडी खातात, तिच्यातील साबुदाण्याचा कंद, शेंगदाणे, बटाटा आणि मिरची हे चारही पदार्थ सोळाव्या शतकापूर्वी या देशात नव्हते. उपवासाला चालणारे आणि न चालणारे पदार्थ ठरविताना आपल्या पूर्वजांनी या परक्या पाहुण्यांना किती सहज घरात घेतले, हे यावरून दिसते.

आजचा पोर्तुगाल

२५ एप्रिल १९७४ रोजी तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी जवळजवळ रक्तपाताविना हुकूमशाही उलथवली. सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी कार्नेशनची फुले खोवली, म्हणून तिला ‘कार्नेशन क्रांती’ म्हणतात. अंगोला, मोझांबिक आदी आफ्रिकी वसाहती १९७५ पर्यंत स्वतंत्र झाल्या. १९९९ मध्ये मकाव चीनकडे सोपविल्यावर साम्राज्याचा शेवटचा दुवाही निखळला.

१९७६ च्या राज्यघटनेनुसार पोर्तुगाल हे प्रजासत्ताक आहे. अध्यक्ष थेट जनतेकडून पाच वर्षांसाठी निवडला जातो. लागोपाठ दोनपेक्षा अधिक वेळा तो पदावर राहू शकत नाही. संसदेचे सभागृह एकच असून, त्यात २३० सदस्य असतात. ते प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने निवडले जातात, म्हणजे पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. सरकार पंतप्रधान चालवतात आणि ते संसदेला जबाबदार असतात. मात्र अध्यक्षाला विधेयक परत पाठविण्याचा आणि संसद बरखास्त करण्याचा अधिकार आहे. आझोर्स आणि मदैरा या द्वीपसमूहांना स्वायत्तता आहे. १९८६ पासून हा देश युरोपीय समुदायाचा सदस्य आहे. मडगावशी नाते सांगणाऱ्या घराण्यातील आंतोनियो कोश्ता २०१५ ते २०२४ या काळात तेथे पंतप्रधान होते आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते युरोपीय परिषदेचे अध्यक्ष झाले. एकेकाळी आपल्याच नियुक्त गोमंतकीय प्रशासकाला हाकलून देणाऱ्या राष्ट्राने पावणेदोनशे वर्षांनंतर गोमंतकीय वंशाचा पंतप्रधान स्वीकारला, हा बदल मोठा आहे.

संस्कृतीच्या क्षेत्रात विरहाची आर्त गाणी असलेला ‘फादो’ हा गानप्रकार, निळ्या-पांढऱ्या फरशांची कला आणि फुटबॉल यांसाठी पोर्तुगाल ओळखला जातो. काही वर्षे गोव्यात राहिलेला महाकवी कामोंइश याचा स्मृतिदिन, १० जून, हा तेथील राष्ट्रीय दिवस आहे. कादंबरीकार जुझे सारामागु यांना १९९८ मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले. पोर्तुगीज भाषा बोलणाऱ्यांची जगभरातील संख्या २५ कोटींच्या आसपास असून, त्यांतील बहुसंख्य ब्राझीलमध्ये आहेत.

महाराष्ट्रातील जिवंत खुणा

रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळ कोर्लई हे गाव आहे. १७४० मध्ये पोर्तुगीज निघून गेले, तरी येथील ख्रिस्ती समाज पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली भाषा घरात बोलत राहिला. ती बोलणारे आता काही शेच उरले आहेत. मुले मराठी आणि इंग्रजी शाळांत जातात, कामासाठी मुंबई गाठतात. पावणेतीनशे वर्षे कोणत्याही सरकारच्या आधाराविना टिकलेली ही बोली पुढच्या दोन पिढ्यांत टिकेल का, ही अभ्यासकांची चिंता आहे.

वसईचे ख्रिस्ती मात्र पूर्णपणे मराठी झाले आहेत. त्यांच्यातीलच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबलचे सुबोध मराठीत भाषांतर केले. जानेवारी २०२० मध्ये आपल्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘क्रिस्तपुराणा’पासून सुमारे चारशे वर्षांनी एका ख्रिस्ती धर्मगुरूला मराठी साहित्याचे सर्वोच्च व्यासपीठ मिळाले, हीही याच इतिहासाची फलश्रुती होय.

पोर्तुगीज राजवटीचे गोडवे गाण्याचे कारण नाही आणि तिने ठेवलेले सारे टाकून देण्याचेही नाही. पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक आणि मुलीला समान वाटा देणारे कायद्याचे कलम, दोन्ही गोव्यात आहेत. पर्यटनाला जाणाऱ्या सोलापूरकरांनी समुद्रकिनाऱ्याबरोबर या दोहोंचीही माहिती करून घेतली, तर सहल अधिक सार्थकी लागेल.